आंबवणीच्या दिवशी

अशी जवळ ये बघू. आणि आधी उठून नीट बस. आडवं पडून, एक डोळा मिटून, मधल्या ओळी गाळत वाचायची तुझी सवय मला ठाऊक आहे. तुला मनात समोर धरूनच मी हे लिहितेय, तेव्हा ओळ गाळलीस तर मला कळेल. मी शाळेत गेले नाही, अक्षरं गिरवली ती तुझ्या आईच्या पाटीवर, त्यामुळं माझं लिहिणं बोलण्यासारखंच येणार. ते चालवून घे.

तुझी आई तिच्या जन्माची गोष्ट सांगते ती अर्धी आहे. तिला ती हसायची वाटते. आम्हाला त्या दिवशी हसू आलं नव्हतं.

आमचं घर तेव्हा मळवलीच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. विजेची गाडी नुकतीच धावायला लागली होती. तुझे आजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ दोघंही घाटात लायनीच्या कामाला, रजा मिळेल तेव्हा घरी यायचे. त्यांच्या मजुरीत त्यांचंच कसंबसं भागायचं. घरी आम्ही तिघी बाया. माझ्या सासूबाई, मी, आणि माझी धाकटी जाऊ. जावेचं तोंड म्हणजे पावसाळ्यातला ओढा, थांबायचं नाव नाही. भाकरी थापताना बोलायची, भात लावताना बोलायची, झोपेतसुद्धा कुणाला तरी काही सांगत असायची. सासूबाई म्हणायच्या, हिच्या पोटात काई ऱ्हात न्हाई, भाकर सोडून.

त्या वर्षी परतीच्या पावसानं भात घालवलं. लोंब्या उभ्या दिसायच्या, पण दाणा दाबून बघावा तर आत दूधच नाही. नवरात्रातच कळून चुकलं की कणगी यंदा भरत नाही. सासूबाईंनी मग खालचं ओढ्याकाठचं सगळं रान भाजीला घेतलं. एरवी तिथं चार मुळे, थोडी मेथी, कडेनं पावटा, इतकंच असायचं. त्या वर्षी वांगी आणि कोबी. लोणावळ्याच्या बंगल्यांतले लोक थंडीत हवा खायला येत, त्यांच्या खानसाम्यांना कोबी हवा असे, आणि वांगी आठवड्याच्या बाजारात जात. भाजी गेली की दाणे घरात येणार, आणि नाही गेली तर शिमग्यापर्यंत तिघींनी आणि पोटातल्या चौथ्यानं काय खायचं, हे कुणी बोलत नव्हतं. मला तेव्हा नववा लागला होता.

आता पाण्याचं ऐक, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाऊस संपला की सगळं गाव मिळून ओढ्याला दगडमातीचा बांध घालायचं आणि तिथून एक पाट काढायचं. त्या एका पाटावर सगळ्यांची रानं. म्हणून पाळ्या. आज सकाळी याची, दुपारनंतर त्याची, असं करत आपली पाळी फिरून यायला चांगले पाच-सहा दिवस लागायचे. बांधाच्या तोंडाशी साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड होते. आसरा म्हणजे पाण्याच्या देवी, फार कडक. ज्या घरात सोयर किंवा सुतक असेल, म्हणजे मूल जन्मलं किंवा माणूस गेलं असेल, त्या घरच्यांनी पाटाला शिवायचं नाही. शिवलं तर आसरा रागावून ओढा आटवतात. तेवढ्या दिवसांची त्या घराची पाळी सरळ पुढच्याला जायची. कुणी वाईट मानत नसे. नियमच होता.

आणि त्यातली एक बारीक गोष्ट लक्षात ठेव. सोयर-सुतक कानावर आल्यावर लागतं. नाही कळलं तोवर माणूस मोकळा.

आमच्या रानाच्या खालच्या अंगाला एका आबांचं रान होतं. पाळीच्या बाबतीत त्यांच्याइतकं कडक कुणी नाही. बांधावर काठी रोवायचे आणि तिची सावली बघत बसायचे. सावली पायाशी आली की आमचं पाणी बंद, त्यांचं सुरू. गावानंच त्यांना पाळ्यांवर नेमलं होतं, त्यामुळं त्यांच्याशी हुज्जत घालता यायची नाही. कोजागिरीच्या सुमाराला ते दारात आले. माझ्याकडं न बघता, छपराकडं बघत म्हणाले, "वैनी, तुमच्या घरात दिस भरत आल्यात. सोयर लागलं की पानी मी घेनार. मागनं बोलू नगा."

सासूबाई म्हणाल्या, "लागलं की घ्या. आजून लागलं न्हाई."

दिवाळीच्या तोंडावर रोपं तयार झाली. आम्ही दोघी जावांनी वाकून वाकून लावली. म्हणजे ती लावत होती, मी बसून एकेक रोप तिच्या हातात देत होते. लावणीच्या दिवशी एक पाणी दिलं. त्यानंतर जे दुसरं पाणी देतात त्याला आंबवणी म्हणतात. ते चुकलं तर रोप मुळं धरत नाही. वरून हिरवं दिसतं, दोन दिवसांत मान टाकतं आणि मग कितीही पाणी ओता, उठत नाही. पावसाळा सरल्यावरचं ते ऊन तुला माहीत नाही. सकाळी धुकं, आणि दुपारी माती तव्यासारखी. रोपं दुपारी लुळी पडायची, रात्री दवानं थोडी सावरायची. रोज थोडी कमी सावरायची.

सगळं आंबवणीवर येऊन ठेपलं. पुढच्या पाळीला आंबवणी द्यायची, आणि त्याच्या आधी मूल होता कामा नये. सासूबाई माझ्या पोटाकडं बघून सरळ सांगायच्या, "बाळा, तेवढी आंबवणी हूं दे. मग खुशाल ये." जाऊ हसायची. मी पण हसायचे, पण पाय खाली टाकताना जपून टाकायचे. जड उचलायचं नाही, उंबऱ्यावरून पटकन उतरायचं नाही. मूल घट्ट धरून ठेवायचं, जसं काही ते माझ्या हातातच होतं.

पाळीचा दिवस उजाडला. मी चुलीपुढं बसले होते आणि पाठीतून कळ निघाली ती मांड्यांत उतरली. मी तोंडातून आवाज काढला नाही. जरा वेळानं दुसरी आली. मान वर केली तर सासूबाई दारात, खांद्यावर खोरं, कमरेला पदर खोचलेला, आणि माझ्याकडं बघतायत. बघतच राहिल्या. त्यांनी विचारलं असतं तर मला खरं सांगावं लागलं असतं, आणि खरं कळल्यावर त्यांचा पाय निघाला नसता. त्यांनी विचारलं नाही. मी विस्तवात लाकूड सारलं.

मग जावेकडं वळून म्हणाल्या, सुईणीला आणून बसव. आणि जे काय होईल ते होवो, माझी दारं धरून होईपर्यंत मला कुणी काही सांगायला यायचं नाही. दारं धरणं म्हणजे खोऱ्यानं माती ओढून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं, ते एकटीचंच काम. इतकं बोलून त्या गेल्या.

सुईण म्हणजे वरच्या वाडीतली एक म्हातारी. गावातली अर्धी पोरं तिच्या हातावर आलेली. ती आली, हात लावला, आणि तिचं तोंड बदललं. जावेनं मला ते नंतर सांगितलं. मला तेव्हा छपराचे वासे तेवढे दिसत होते. सुईण म्हणाली, मूल पायाकडून येतंय. पायाळू. डोकं शेवटी येणार, आणि डोकं अडकलं तर दोघांचंही खरं नाही. सासूबाईंचा धाकटा मुलगा, म्हणजे जावेचा नवराच, असाच जन्मला होता, आणि तेव्हापासून गावात अशी अडलेली बाई असली की सुईण आणि सासूबाई मिळून तिला सोडवत. एकीनं पोटावरून धरायचं, दुसरीनं खालून.

"हिच्या सासूला आन," सुईण म्हणाली. "ह्ये माज्या येकटीचं काम न्हाई. पळ."

जाऊ पळाली. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. जावेनं सांगितलं, सासूबाईंनी सांगितलं, आणि तुकड्यातुकड्यानं आबांनीही.

जाऊ बांधावरून धावत येताना सासूबाईंना लांबूनच दिसली. त्यांना काय वाटणार? मूल झालं आणि ही तोंडाळ पोर सांगायला निघाली. वांग्याचे वाफे भरून झाले होते, कोबीचे सगळे राहिले होते. त्यांनी खोरं उभं केलं आणि ओरडल्या, "तितंच थांब. येक सबुद बोललीस तर माजं मढं बगशील."

झालं. शपथ घातली. सासूच्या गळ्याची शपथ मोडायची कुणाची छाती? जाऊ उघड्या तोंडानं तशीच उभी राहिली. तिनं हातवारे केले तर सासूबाईंनी पदर डोक्यावरून घेऊन कानांवर घट्ट आवळला, हनुवटीखाली गाठ मारली, आणि तिच्याकडं पाठ करून कोबीच्या वाफ्यात उतरल्या.

आबा तिथंच काठीपाशी बसले होते. जाऊ त्यांच्याकडं वळली. त्यांना तर शपथ घातलेली नव्हती. पण बाळंतपणाची गोष्ट परक्या वडीलधाऱ्या पुरुषाला कोणत्या तोंडानं सांगायची? तरी ती सांगणारच होती. तर त्या आबांनी काय करावं? दोन्ही कानांत बोटं घातली. म्हणाले, "मला काई सांगू नगं पोरी. माज्या कानावर आलं की मला पानी बंद करावं लागंल." आणि डोळे मिटून घेतले.

बघ आता. सगळ्या गावात कडक म्हणून नावाजलेला माणूस, त्याला आमची दया आली ती नेमकी या वेळेला. घरात मी वाशाला बांधलेल्या दोराला लोंबकळून कळा सोसतेय, सुईण म्हणतेय दम धर, जोर लावू नको, आणि रानात दोन शहाणी माणसं कान बंद करून माझ्या भल्यासाठी बहिरी झालीयत.

जाऊ सांगायची की तिला तिथंच रडू फुटलं. जवळ जावं तर सासूबाई पुढं सरकायच्या. हात धरून ओढावं, तर मूल झालंय असं समजून त्या झटकून टाकणार. मग तिला काय सुचलं कोण जाणे. ती वरच्या अंगाला गेली, लुगडं पोटऱ्यांवर ओढलं, आणि सरळ पाटात उतरली. दोन्ही पायांनी. आणि तिथं उभी राहून पाय घोळवू लागली.

वाहत्या पाण्यात कुणी पाय घोळवले की काय होतं? गढूळ होतं. सासूबाई कोबीच्या वाफ्याचं तोंड फोडत होत्या. स्वच्छ पाणी येत होतं ते एकदम लाल आलं. त्यांना वाटलं कुणाची तरी म्हैस पाटात शिरली. खोरं उगारून वळल्या, तर म्हैस नाही, सून.

आधी त्या संतापल्या. सोयराचे पाय आसरांच्या पाण्यात. तोंडावर शिवी आली होती, असं त्याच सांगायच्या. पण शिवी निघाली नाही. ही तोंडाळ असेल, पण खुळी नाही. घरात मूल झालेलं असतं तर हिला सोयर लागलं असतं, आणि मग हिनं जीव गेला तरी पाटात पाय घातला नसता. पाण्यात उभी आहे, म्हणजे मूल झालेलं नाही. मूल झालेलं नाही, तरी पळत बोलवायला आली.

त्यांनी खोरं तिथंच टाकलं. बांधावरून न येता वांग्याच्या नुकत्या भिजलेल्या वाफ्यांतून, रोपांवर पाय देत, सरळ घराच्या दिशेनं पळाल्या. जाऊ त्यांच्यामागं.

मला आठवतं ते एवढंच की दारात उजेड अडला आणि गुडघ्यापर्यंत चिखल माखलेली ती बाई आत आली. तिला बघून माझा जीव हललाच. मला वाटलं, आंबवणी राहिली. खरंच सांगते, त्या दशेतही हेच वाटलं. मी काहीतरी बोलायला गेले तर त्यांनी तोंडावर हात ठेवला. गरम पाण्यात कोपरापर्यंत हात घासून धुतले आणि माझ्या डोक्याशी न येता सुईणीच्या शेजारी बसल्या. "आता माजं आयकायचं. मी म्हनंन तवाच जोर."

किती वेळ गेला सांगता यायचं नाही. पाय आले, अंग आलं, आणि मग सगळं थांबलं. जाऊ माझा खांदा धरून होती, तिची नखं रुतत होती. सासूबाईंचा हात माझ्या पोटावर दाबलेला आणि सुईण खाली काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, आता आपण मधेच राहणार. मग सासूबाई म्हणाल्या, "हां, आता." मी जे काही होतं नव्हतं ते लावलं.

मूल आलं. निळं. आवाज नाही. सुईणीनं पाय धरून उलटं केलं, पाठीवर चापट्या मारल्या, गार पाणी शिंपडलं. सासूबाई जावेवर ओरडल्या, थाळी वाजव. जावेनं काशाची थाळी घेतली आणि उलथन्यानं अशी बडवली की तिची कड चेपली. थाळी वाजतेय, वाजतेय, आणि त्या आवाजाच्या आतून बारीक, मांजराच्या पिलासारखा आवाज आला. जावेनं थाळी थांबवली. आवाज वाढला.

सासूबाई भिंतीला टेकल्या. पदराची गाठ अजून हनुवटीखाली तशीच. ती सोडत म्हणाल्या, "लागलं बाई सोयर."

ती तुझी आई.

पण त्यानं पोट भरत नाही ना. रानात पाणी उघडं सोडून आल्या होत्या. वाहतं पाणी वाफ्यांचे बांध फोडतं, रोपं उपटून ओढ्याला नेतं. आता त्यांना तिकडं जाता येत नव्हतं. कानावर आलं काय, त्यांच्या हातावरच आलं होतं. दुपारभर त्या दारात उभ्या राहून रानाच्या दिशेला बघत होत्या. घरातून काही दिसायचं नाही, मधे आंब्याची झाडं. मला बाजेवर पडल्या पडल्या त्यांची पाठ दिसत होती. जावेला म्हणाल्या, लांबच्या वाटेनं जा, कशाला शिवू नको, नुसतं बघून ये. ती निघायच्या आत रस्त्यावरून हाक आली. आबा. घराकडं तोंड न करता, लांब उभे.

"वैनी, कोबीचे वाफे मी भरून घेतले. तुमचंच खोरं व्हतं, तुमच्याच पाळीतलं पानी. माज्यातलं येक थेंब दिलं न्हाई."

"बरं झालं आबा."

"हितनं फुडं सोयर फिटंस्तवर पाळी माजी."

"तुमचीच हाय ती."

मग त्यांनी विचारलं, काय झालं. सासूबाईंनी सांगितलं, पोरगी, आणि पायाळू. पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कुठं आहे ते कळतं असं आमच्याकडं मानतात. आबा म्हणाले, "मग चांगलंय. आता गावाला लय पानी घावंल, माजं डोस्कं सुटंल." आणि गेले.

आंबवणी झाली, पण पुढच्या पाळ्या बुडाल्या. ऊन तसंच. तेव्हा सासूबाईंनी एक काढलं. सोयर पाटाला, घरच्या पाण्याला नाही. बाळंतिणीची आणि बाळाची आंघोळ म्हणजे पाणी थोडं का लागतं? मोरीच्या तोंडाशी त्यांनी मोठं टोपलं पुरून, मातीनं लिंपून खड्डा केला. आंघोळीचं पाणी, दुपट्यांचं पाणी, भांड्यांचं पाणी, सगळं तिथं. ऊन उतरलं की त्या आणि जाऊ डोक्यावर घागरी घेऊन निघायच्या आणि रोपाच्या बुडाशी ओंजळ-ओंजळ घालायच्या. परत आल्या की बाजेपाशी उभं राहून मला सांगायच्या, कोणता वाफा मान टाकून आहे, कोणता उठलाय. मला बाहेर जाता येत नव्हतं. बाजेखाली शेगडी, अंगाशी तुझी आई, आणि डोळ्यांपुढं ते वाफे. पहिले काही दिवस त्या नुसत्या पडलेल्यांचीच नावं घ्यायच्या. कोबी तर रोज कमी व्हायचा. मी विचारणं सोडून दिलं.

सव्वा महिन्यानं बाळंतिणीनं पाण्याची पूजा करायची असते. हळदकुंकू, खण-नारळ घेऊन सासूबाई मला पाटाच्या तोंडाशी घेऊन गेल्या. वाटेत पहिल्यांदा रान दिसलं. कोबीचा अर्ध्याहून जास्त भाग उघडा पडला होता, नुसती लाल माती. वांगी मात्र उभी होती. त्यांच्या मधोमध पळताना तुडवलेली एक वाट होती आणि त्या वाटेवरची रोपं वाकडी वाढली होती, पण वाढली होती. काहींना जांभळी फुलं आली होती. मी मोजलं नाही, पण बघून कळलं की शिमग्यापर्यंत निघेल. पोटभर नाही, पण निघेल.

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. खाली वाकून एक पान उलटं करून कीड बघत, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "त्या दिशी सकाळी तुला कळा लागल्या व्हत्या. मला म्हाईत व्हतं."

मी म्हणाले, "तुमाला म्हाईत हाय त्ये मलाबी म्हाईत व्हतं, आत्याबाई."

त्यांनी कीड काढून बोटानं चिरडली. आम्ही पूजेला गेलो.

पुढच्या वर्षी बांध घालताना आबांनीच विषय काढला, की सोयर-सुतकाच्या घराची पाळी बुडवायची नाही, शेजाऱ्यानं त्यांची दारं धरायची. बरंच भांडण झालं. आसरा कोपतील असं म्हणणारे पुष्कळ. शेवटी ज्याला पटलं त्यानं केलं, आणि आबांनी मरेपर्यंत केलं. मात्र सावली बघून, काठी रोवून.

आणि तुझी धाकटी आजी, ती जाऊ, तिला तर आयुष्याचं हत्यार मिळालं. सासूबाई तिला गप बस म्हणाल्या की ती हळूच विचारायची, "बोलू का पान्यात उतरू?" सासूबाई हातात असेल ते फेकून मारायच्या, पण हसू आवरायचं नाही त्यांना.

हे सगळं तिनं सांगावं, मी नाही. थाळी कशी बडवली ते ती हात करून दाखवते, मला तसं लिहिता येत नाही. पण तिला आता ऐकू कमी येतं, आणि गेल्या थंडीपासून मधेच गोष्ट विसरून दुसऱ्याच कुणाच्या तरी बाळंतपणात शिरते. तेव्हा सुट्टीबिट्टीची वाट बघत बसू नकोस. तुझ्या आईलाही घे, आणि या आठवड्यातच एक दिवस ये. सकाळच्या गाडीनं ये, म्हणजे ऊन चढायच्या आत ती अंगणात बसलेली असते.